धूर दिसण्यापूर्वी : तंजावरच्या भातशेतीतील एक अभ्यासभेट

मराठी वाचकाला तंजावर हे नाव नवे नाही. १६७६ साली व्यंकोजीराजांनी तेथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपात टिकली. सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी दफ्तरे आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख यांविषयी आपण ऐकलेले असते. भातावरील किडींचा अभ्यास करणाऱ्यांसाठी मात्र या शहराची ओळख वेगळी आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचे कोठार असलेल्या या शांत नगराच्या चोहोबाजूंना, पाण्याच्या वेळापत्रकावर किडींचे वेळापत्रक कसे ठरते, हे डोळ्यांनी पाहता येते. गेल्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीहून तेथे जाण्याचा योग आला. त्या भेटीत जे पाहिले, त्यातील आपल्याकडील भात उत्पादकांना उपयोगी पडेल असा भाग प्रस्तुत लेखात मांडला आहे.

शहर आणि पाणी

दिल्लीतील दाट धुके सोडून तिरुचिरापल्लीला उतरले आणि रस्त्याने तंजावरकडे निघाले. वाटेत कल्लणै लागते. कावेरीच्या पात्रावरील हा दगडी बंधारा चोळ राजा करिकालाने बांधला अशी परंपरा आहे. येथून पाणी कावेरी, वेण्णार आणि पुदू आरु म्हणजे नवा कालवा या तीन वाटांनी शेतीकडे जाते. पुराचे अतिरिक्त पाणी कोळ्ळिडम नदीत सोडले जाते. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन यांनी वरच्या आणि खालच्या बंधाऱ्यांची कामे करून ही व्यवस्था सुधारली. १९३४ साली मेट्टूर धरण पूर्ण झाले आणि प्रदेशाच्या पाण्याला निश्चित तारखा मिळाल्या. रूढ वेळापत्रकानुसार १२ जून रोजी धरणाचे दरवाजे उघडतात आणि २८ जानेवारीला बंद होतात.

तंजावर शहरात दिवसाचा वेग सावकाश आहे. पहाटे रस्त्यावर रांगोळ्या उमटतात. मोठ्या मंदिराचे शिखर, जे १०१० साली पूर्ण झाले, शहराच्या बहुतेक भागांतून दिसते. गिरण्यांच्या बाजूने उकड्या तांदळाचा वास येतो. शहराची वस्ती संपते तेथे लगेच हिरवी खाचरे सुरू होतात आणि ती पूर्वेकडे, सुमारे ८० किलोमीटरवरील नागपट्टिणमच्या किनाऱ्यापर्यंत, जवळजवळ अखंड पसरलेली आहेत. १९६० मध्ये केंद्र शासनाने सघन कृषी जिल्हा कार्यक्रमासाठी सुरुवातीला जे मोजके जिल्हे निवडले त्यांत तंजावर होता. कुंभकोणमच्या पुढे असलेल्या आडुतुरै येथील भात संशोधन केंद्र तर १९२२ पासून कार्यरत आहे. तेथून प्रसारित झालेल्या वाणांच्या नावातील 'एडीटी' ही अक्षरे म्हणजे त्या गावाच्याच नावाचा संक्षेप होय.

या भेटीत माझ्यासोबत कृषी विभागातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांची घरची भाषा तंजावरी मराठी. कित्येक पिढ्या तमिळ प्रदेशात राहून टिकलेली ही बोली ऐकताना कान टवकारावे लागतात. पाटाला ते सहजपणे 'वाय्क्काल' हा तमिळ शब्द वापरत. शेतकऱ्यांशी माझे जे काही बोलणे झाले, ते त्यांच्यामुळेच.

तीन हंगाम, एक कीड

त्रिभुज प्रदेशात भाताचे तीन हंगाम ओळखले जातात. जूनच्या पाण्यावर घेतले जाते ते 'कुरुवै', आपल्या भाषेत हळवे भात. ते साधारण ११० ते १२० दिवसांत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघते. ऑगस्टमध्ये सुरू होऊन जानेवारीत कापणीला येणारे गरवे भात म्हणजे 'सांबा'. कुरुवै काढून त्याच शेतात ऑक्टोबरच्या सुमारास लावले जाणारे दुसरे पीक म्हणजे 'ताळडी'. ताळ म्हणजे कापणीनंतर उरलेले धसकट; त्यावर घेतलेले पीक म्हणून ताळडी. कालव्याच्या शेवटच्या टोकाला, किनाऱ्यालगत, पाणी उशिरा पोहोचते. तेथे बहुधा एकच पीक होते आणि अनेक ठिकाणी रोपे न लावता बियाणे थेट पेरले जाते.

पाणी ठरल्या दिवशी आले तर एका पाटावरची सारी लावणी दोन-तीन आठवड्यांत उरकते. परंतु कावेरीच्या पाण्याचे वर्ष दरवेळी सारखे नसते. २०२० साली १२ जूनला दरवाजे उघडले गेले, तेव्हा ते कित्येक वर्षांनंतर ठरल्या तारखेला घडत होते. २०२२ मध्ये पाणी २४ मे रोजीच सुटले. २०२४ मध्ये २८ जुलैपर्यंत वाट पाहावी लागली. ज्यांच्याकडे नळकूप आहे ते धरणाची वाट पाहत नाहीत. ज्यांच्याकडे नाही ते पाहतात. परिणामी एकाच शिवारात कुठे पोटरी, कुठे दाणे भरणे, कुठे पक्व लोंबी अशा अवस्था शेजारी शेजारी दिसतात.

शेतकऱ्याला ही विस्कळीत लावणी एक अडचण वाटते. तपकिरी तुडतुड्यांच्या दृष्टीने मात्र ती अखंड पंगत असते. या किडीची मादी पानाच्या आवरणात शंभराहून अधिक अंडी घालते. अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास उष्ण व दमट हवेत साधारण २५ दिवसांत पूर्ण होतो. प्रौढांचे दोन प्रकार असतात: आखूड पंखांचे, जे जागेवर राहून झपाट्याने वाढतात, आणि लांब पंखांचे, जे पीक पिकू लागले की दुसरीकडे उडून जातात. सांबा पिवळा पडू लागताच त्यातील लांब पंखांचे तुडतुडे शेजारच्या हिरव्या ताळडीत उतरतात. एका शेतकऱ्याने कितीही काळजी घेतली तरी शेजारच्या खाचराचे वय त्याच्या हातात नसते.

नावात दडलेले निदान

तमिळ शेतकरी तपकिरी तुडतुड्यांना 'पुगैयान' म्हणतात. 'पुगै' म्हणजे धूर. तुडतुड्यांनी बुंध्यातील रस शोषून घेतला की शेतात गोलाकार पट्टे करपतात आणि दुरून पाहताना तेथे धुराने काळवंडल्यासारखे दिसते. त्यावरून हे नाव पडले. गादमाशीचे तमिळ नाव 'आनैक्कोंबन', म्हणजे हत्तीचा सुळा. गादमाशीच्या अळीमुळे मधला फुटवा नळीसारखा, फिकट चंदेरी होतो, ज्याला आपण चंदेरी पोंगा म्हणतो. तेथील शेतकऱ्याला त्यात हत्तीचा सुळा दिसला.

ही नावे सुंदर आणि अचूक आहेत. पण दोन्ही नावे किडीची नसून नुकसानीची आहेत. गादमाशी डासाएवढी, रात्री वावरणारी. ती सहसा नजरेस पडत नाही. तुडतुडे पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, चुडाच्या बुंध्याशी दाटीने बसतात. बांधावर उभे राहून पाहणाऱ्याला वरून हिरवेगार पीकच दिसते. धूर दिसेपर्यंत किडीच्या दोन-तीन पिढ्या उलटलेल्या असतात.

येथे स्वतःची एक चूक नोंदवणे मला आवश्यक वाटते. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत हरियाणातील एका बासमतीच्या शेतावर मला बोलावले होते. सप्टेंबर महिना होता. पानांवर डाग नव्हते, पीक तजेलदार होते. मी बांधावरून आणि दोन-चार चुडांची वरची पाने पाहून "काळजीचे कारण नाही" असे सांगितले. दहा-बारा दिवसांनी त्याच शेताच्या मध्यभागी करपलेली वर्तुळे पडली होती. चिखलात उतरून बुंधे पाहिले असते तर ते त्या दिवशीच कळले असते. तेव्हापासून भाताच्या शेतात बूट काढल्याशिवाय मत द्यायचे नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

एका बांधावरचा निर्णय

आडुतुरैच्या परिसरात एका शेतकऱ्याचे ताळडीचे खाचर आम्ही पाहिले. शेती खंडाने घेतलेली, दीड एकराच्या आसपास. पीक फुलोऱ्यात होते. औषध विक्रेत्याने दोन कीटकनाशके एकत्र फवारण्याचा सल्ला दिला होता आणि फवारणीवाला दुपारी यायचा होता. शेजारच्या खाचरात, जेथे लावणी तीन आठवडे उशिरा झाली होती, आधीच दोनदा फवारणी झालेली. तरीही तेथे दोन ठिकाणी धूर लागल्यासारखे पट्टे दिसत होते. "त्याने फवारले तरी हे झाले, मग मी न फवारता कसा राहू?" असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता.

आम्ही शेतात उतरलो. कर्णरेषेने चालत वीस चूड निवडले. प्रत्येक चूड किंचित वाकवून तळहाताने बुंध्यावर हलकेच थाप मारली, पाण्यावर पडलेले आणि बुंध्यावर उरलेले तुडतुडे मोजले, फुटवे मोजले आणि कोळी व मिरीड ढेकूण वेगळे मोजले. शेतकरी पहिले पाच चूड पाहत राहिले. सहाव्यापासून त्यांनी स्वतः मोजायला सुरुवात केली.

तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार आर्थिक नुकसानीची पातळी अशी आहे: कोळी नसतील तर प्रति फुटवा एक तुडतुडा, प्रति चूड एक कोळी असेल तर प्रति फुटवा दोन तुडतुडे. आमची सरासरी एकाहून थोडी अधिक आणि दोनांहून बरीच कमी आली. परंतु जवळजवळ प्रत्येक चुडात लांडगा कोळी होता आणि हिरवे मिरीड ढेकूणही भरपूर होते. हे ढेकूण तुडतुड्यांची अंडी व लहान पिल्ले शोषून मारतात. केवळ तुडतुडे मोजले असते तर फवारणी योग्य ठरली असती. मित्रकीटक मोजल्यामुळे उत्तर बदलले.

शेजारच्या खाचरात आम्ही दहा चूड तपासले. तुडतुडे चिक्कार आणि कोळी मात्र शोधून सापडेनात. वारंवार फवारणीनंतर तुडतुड्यांचा उलट उद्रेक होतो, हे भातावरील संशोधनात अनेकदा सिद्ध झालेले आहे. विशेषतः काही कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांमुळे परभक्षी मरतात आणि वाचलेल्या तुडतुड्यांची प्रजननक्षमताही वाढते. पानांच्या आवरणातील अंड्यांपर्यंत औषध पोहोचत नाही. आठवडाभराने पिल्ले बाहेर येतात तेव्हा त्यांना खाणारे कोणी उरलेले नसते. इंडोनेशियाने हीच किंमत मोजून १९८६ साली भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि एकात्मिक कीड व्यवस्थापनाला राष्ट्रीय धोरण केले. आपल्या देशातही १९८५ पासून एकात्मिक व्यवस्थापन हे अधिकृत धोरण आहे. धोरण आणि बांध यांच्यामधले अंतर मात्र अजून बरेच आहे.

मी त्यांना सुचविले ते असे: फवारणी चार दिवस थांबवावी, शेतातील पाणी तीन-चार दिवस काढून टाकावे, म्हणजे बुंध्याजवळचा दमटपणा कमी होईल, नत्राचा उरलेला हप्ता देऊ नये, चार दिवसांनी पुन्हा वीस चूड मोजावेत, वाढ दिसली तर ज्या भागात दिसेल तेवढ्याच भागात, लेबलवर भातातील तुडतुड्यांसाठी शिफारस असलेले एकच कीटकनाशक, नळी बुंध्याकडे धरून फवारावे.

त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "आणि तुमचा अंदाज चुकला तर?"

दुभाष्यांनी हे वाक्य मराठीत सांगितले तेव्हा मला लगेच उत्तर सुचले नाही. चुकले असते तर माझ्या वेतनातून काही कापले जाणार नव्हते. त्यांचा खंड मात्र भरावाच लागणार होता. शेवटी मी एवढेच म्हटले की, चूक लवकर कळावी म्हणूनच चार दिवसांनी पुन्हा मोजायचे आहे. त्यांनी फवारणीवाल्याला निरोप पाठवला. पण "येऊ नको" असा नव्हे, तर "चार दिवसांनी विचार" असा.

दोन आठवड्यांनी दुभाष्यांचा दूरध्वनी आला. दुसऱ्या मोजणीत संख्या वाढलेली नव्हती, तिसऱ्या मोजणीत घटली होती. शेजारच्या खाचराला लागून असलेल्या कडेला मात्र एक अरुंद पट्टा करपला आणि तेवढ्या भागात एकदा फवारणी करावी लागली. नुकसान झालेच नाही असे नाही. परंतु बाकीचे पीक वाचले आणि दोन औषधांचा खर्चही.

विश्रांतीचा हंगाम

या प्रदेशातील एक जुनी पद्धत कीटकशास्त्राच्या दृष्टीने मोलाची आहे. सांबा किंवा ताळडीच्या कापणीच्या आठ-दहा दिवस आधी, उभ्या पिकात, ओल्या जमिनीवर उडीद किंवा मूग विस्कटून पेरतात. भात कापले जाते आणि उरलेल्या ओलीवर कडधान्य वाढते. विदर्भातील धानाच्या बांध्यांत लाखोळी किंवा जवस पेरण्याची उतेरा पद्धत आपल्या परिचयाची आहे. ती हीच होय. कडधान्यामुळे जमिनीला नत्र मिळते आणि कुटुंबाला डाळ. याशिवाय तिसरा लाभ असा की, फेब्रुवारी-मार्चपासून जूनपर्यंत शिवारात भात राहत नाही. तपकिरी तुडतुडे मुख्यतः भातावर जगतात. भातच नसेल तर त्यांची साखळी तुटते. जेथे नळकुपाच्या बळावर उन्हाळ्यातही भात घेतले जाते, तेथे ही साखळी तुटत नाही.

कापणीनंतर रिकाम्या खाचरांत बदकांचे कळप उतरतात. सांडलेले दाणे, गोगलगायी आणि किडे वेचून खातात. उंदरांसाठी बांबू आणि दोरीचा धनुष्यासारखा सापळा लावतात; तो तंजावरच्या नावानेच ओळखला जातो. हे सापळे लावणारी माणसे एखाद्या खाचरापुरते काम करीत नाहीत, सलग पट्टा घेतात. कारण एका शेतातले उंदीर मारले तर दुसऱ्या शेतातले तेथे येतात, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. उंदरांबाबत जे सर्वमान्य आहे, ते तुडतुड्यांबाबत मान्य व्हायला हवे.

बांधाचा उपयोगही विचारात घ्यावा. चीन, थायलंड आणि व्हिएतनाममध्ये झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, बांधावर तिळासारखी मधुरसाची फुले असलेली पिके घेतल्याने परोपजीवी कीटकांना खाद्य मिळाले, कीटकनाशकांचा वापर सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाला आणि उत्पादन सुमारे ५ टक्क्यांनी वाढले. आपल्या बांधावर तीळ, चवळी किंवा झेंडू लावण्यास फारसा खर्च येत नाही.

आपल्या भात उत्पादकांसाठी बोध

कोकणातील भात पावसावर अवलंबून आहे; भंडारा-गोंदियातील धान तलाव व कालव्यांवर. परिस्थिती तंजावरहून वेगळी असली तरी पुढील बाबी दोन्हीकडे लागू पडतात.

१. एका तलावाच्या किंवा कालव्याच्या लाभक्षेत्रात लावणी शक्यतो दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण करावी. पाणी सोडण्याची तारीख ठरविताना पाणी वापर संस्थांनी कीड व्यवस्थापनाचाही विचार करावा.

२. लावणीच्या वेळी दर दोन ते अडीच मीटरवर सुमारे ३० सेंटिमीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा. हवा व प्रकाश बुंध्यापर्यंत पोहोचतो आणि पाहणी सोपी होते.

३. नत्र शिफारशीपेक्षा अधिक देऊ नये. ते हप्त्यांत विभागून द्यावे.

४. फुटवे फुटण्याच्या अवस्थेपासून आठवड्यातून एकदा शेतात उतरून वीस चुडांचे बुंधे तपासावेत. तुडतुड्यांबरोबर कोळी आणि मिरीड ढेकूणही मोजावेत आणि आपल्या कृषी विद्यापीठाने दिलेल्या पातळीशी तुलना करावी.

५. सुरुवातीच्या अवस्थेत पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके टाळावीत. दोन कीटकनाशके मनाने मिसळू नयेत.

६. उन्हाळी धान घ्यायचेच असेल तर संपूर्ण गावाने मिळून ठरवावे. अन्यथा कडधान्याला प्राधान्य द्यावे.

परतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मोठ्या मंदिरात जाऊन सरफोजीराजांचा शिलालेख पाहिला. त्यात राजघराण्याच्या पिढ्यांची नोंद आहे. पाट, पेरणी आणि किडी यांची नोंद मात्र शेतकऱ्यांनी आपल्या भाषेतल्या शब्दांत ठेवली आहे: पुगैयान, आनैक्कोंबन, ताळडी. त्या शब्दांनी नुकसानीचे स्वरूप अचूक सांगितले. नुकसानीआधीचे लक्षण ओळखण्याचे काम आपले आहे आणि त्यासाठी बांधावरून खाली, चिखलात उतरावे लागते.